अम्मीचा फ्रीज आणि वॉरंटीचा कागद

दरवर्षी मार्चच्या शेवटी मला एक फोन येतो. पलीकडून गोड आवाजात विचारणा होते, "सर, तुमच्या फ्रीजचा प्लॅन दहा तारखेला संपतोय. आज रिन्यू केलात तर सूट आहे." तीन वर्षं मी फोनवरच हो म्हणत आलो. यंदा नाही म्हणालो. मुलीला बहुधा अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "सर, फ्रीज तेरा वर्षांचा आहे. आता तर जास्त गरज आहे."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. वरकरणी किती बरोबर वाटतं! माणूस म्हातारा झाला की डॉक्टर जास्त लागतो, तसं यंत्र जुनं झालं की वॉरंटी जास्त लागणार. मीही असंच समजत होतो.

आमचं घर मिरजेत आहे. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून अम्मी तिथे एकटीच राहते. मी पुण्यात, बहीण सोलापुरात. दोघांनीही 'आमच्याकडे चल' म्हणून पाहिलं, पण गल्ली सोडून ती कुठे राहणार? घरातली यंत्रंही तिच्यासारखीच मुरलेली. फ्रीज तेरा वर्षांचा, गिझर नऊ, वॉशिंग मशीन आठ, पाण्याचं फिल्टर पाच. अब्बा होते तोवर त्यांचा एक मिस्त्री होता, गल्लीच्या टोकाला त्याचं छोटं दुकान आहे. काही बिघडलं की अब्बा नमाजहून येताना त्याला सोबतच घेऊन यायचे. ते गेल्यावर मी शहाणपणा केला. सगळ्या वस्तूंची एएमसी घेतली. अम्मीला एक नंबर दिला आणि सांगितलं, "काही झालं की इथे फोन कर." तेव्हा फार जबाबदारीचं काम केल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल करतो.

मागच्या बकरी ईदला दोन दिवस होते तेव्हा फ्रीज थंड होईना. ज्या घरात कुर्बानी होते त्यांना सांगायला नको, वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी याच दिवसांत फ्रीजची खरी गरज असते. नातेवाइकांचा हिस्सा, गोरगरिबांचा हिस्सा वाटला तरी घरातलं मटण ठेवायचं कुठे? अम्मीने कंपनीला फोन लावला. आधी एक दाबा, मग तीन दाबा, मग मोबाईलवर आलेला ओटीपी सांगा. मोबाईल नंबर माझा नोंदवलेला, म्हणून ओटीपी आला पुण्यात. मी मीटिंगमध्ये. दुपारी कशीबशी तक्रार नोंदली गेली तेव्हा '७२ तासांत तंत्रज्ञ भेट देईल' असा मेसेज आला. ७२ तास म्हणजे ईदचा दुसरा दिवस.

तंत्रज्ञ आला, मुलगा सभ्य होता. त्याने मागे वाकून पाहिलं आणि सांगितलं की आतली नळी गंजून गॅस गळालाय, गंज करारात बसत नाही, हा 'नैसर्गिक झिजेचा' भाग आहे. नवीन फ्रीज घ्या, बदल्यात सूट मिळेल. अम्मीची सही घेतली आणि गेला. सही कशावर घेतली हे तिला ठाऊक नव्हतं. नंतर मी कागद मागवून पाहिला तर त्यावर लिहिलं होतं, 'ग्राहकाचे समाधान झाले.'

त्याच संध्याकाळी अम्मीने गल्लीतल्या मिस्त्रीला बोलावलं. तो आला, पण दारातच म्हणाला, "खाला, कंपनीवाले हैं ना तुमारे. मेरे कू क्यूं याद किए?" राग नव्हता, पण लागलेलं होतं. तीन वर्षं त्याच्या दुकानावरून जाता-येता अम्मी सलाम करत होती आणि काम मात्र सांगलीहून येणारी माणसं करत होती. त्याने फ्रीजच्या भिंतीत बसवलेली गंजकी नळी बंद केली, मागच्या बाजूला बाहेरून नवी जाळी बसवली, गॅस भरला. अशा फ्रीजमध्ये कंडेन्सरची नळी पत्र्याच्या आत असते, ती गळली तर आत हात घालता येत नाही, म्हणून बाहेरून दुसरी जोडायची, हा आपल्याकडच्या प्रत्येक जाणत्या मिस्त्रीला ठाऊक असलेला उपाय. खर्च ३,४०० रुपये. फ्रीज आजही चालू आहे. ईदचं मटण मात्र त्या वर्षी शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये राहिलं. त्या स्वतः शाकाहारी आहेत. त्यांनी एक कप्पा रिकामा करून दिला आणि नंतर फक्त एवढंच म्हणाल्या की सोडा टाकून मीच धुऊन घेईन, तुम्ही नका येऊ.

त्यानंतर एका रविवारी मी हिशोब मांडला. चार वस्तूंच्या एएमसीचे वर्षाला ११,२०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३,२१६. तीन वर्षांचे झाले ३९,६४८. शिवाय करार सुरू करताना 'आधी तपासणी' झाली होती, त्यात फ्रीजच्या दाराचं रबर आणि मशीनचा पाइप बदलायला लावला, त्याचे २,३०० वेगळे. आता मिळालं काय? फिल्टरचे कँडल-कार्ट्रिज बदलले, बाजारभावाने तीन वर्षांचे ६,६०० धरू. गिझरची कॉइल आणि थर्मोस्टॅट १,४००. वॉशिंग मशीनचा पाणी बाहेर टाकणारा पंप १,८००. फ्रीजचा थर्मोस्टॅट १,२००. सगळं मिळून ११,०००. म्हणजे जवळपास ४२,००० देऊन मी ११,००० चं काम करून घेतलं, आणि जे मोठं काम आलं ते करारात बसलं नाही.

कुणी म्हणेल, तुमचं नशीब, दुसऱ्याचा फ्रीज पहिल्याच वर्षी जातो. खरं आहे. पण मुद्दा नशिबाचा नाही. जुन्या यंत्राला काय होणार हे कंपनीला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. अशी हजारो यंत्रं तिने उघडून पाहिलेली असतात. तेराव्या वर्षी नळ्या गंजतात, रबर कडक होतं, बेअरिंग आवाज करतं, हे तिला पाठ असतं. म्हणून करार करताना नेमक्या याच गोष्टी बाहेर ठेवल्या जातात. गंज, रबर आणि प्लॅस्टिकचे भाग, विजेच्या दाबातले चढउतार, 'चुकीचा वापर', आधीपासून असलेला दोष. ही यादी काढून टाकल्यावर जे उरतं ते जुन्या यंत्रात क्वचितच बिघडतं. त्या फोनवरच्या मुलीचं वाक्य म्हणून उलटं आहे. यंत्र जितकं जुनं, तितका तो कागद आपल्या कामाचा कमी.

नव्या यंत्रावरच्या मोठ्या अक्षरांचंही तसंच. दुकानात लिहिलेलं असतं, '१० वर्षांची वॉरंटी'. ती असते फक्त कॉम्प्रेसरची, किंवा वॉशिंग मशीनच्या मोटरची. पूर्ण यंत्राची वॉरंटी वर्ष-दोन वर्षांची. नवव्या वर्षी कॉम्प्रेसर गेला तर कॉम्प्रेसर कदाचित फुकट मिळेल, पण गॅस, मजुरी, येण्या-जाण्याचे पैसे बहुधा तुमचे. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर '६० महिने' लिहिलेलं असतं, त्यातले शेवटचे दीड-दोन वर्षांचे महिने 'प्रो-राटा' असतात, म्हणजे बॅटरी बदलून मिळत नाही, नव्या बॅटरीच्या किमतीत थोडी सूट मिळते. हे सगळं कागदावर छापलेलं असतं, नाही असं नाही. पण ते वाचायला भिंग लागतं आणि आपण दुकानात असतो मुलांना घेऊन, संध्याकाळी सात वाजता.

माझा एक चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. त्याने जुनं घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने एक वर्षाची 'होम वॉरंटी' भेट म्हणून दिली होती. तिकडे ही पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. घर गरम ठेवणारी भट्टी, गिझर, नळ, वायरिंग, सगळं एका करारात. घराचा विमा वेगळा, तो आगीला, वादळाला. हा करार झिजेला. त्याच्या घराची भट्टी हिवाळ्यात बंद पडली. माणूस आला, येण्याची ठरलेली फी घेतली, आणि म्हणाला की आधीच्या मालकाने नीट देखभाल केलेली नाही, सबब दावा नामंजूर. भाऊ फोनवर मला सांगत होता आणि मी इकडे हसत होतो. ईदला अम्मीच्या दारात काय घडलं ते मी त्याला सांगितलं. भाषा बदलते, कारण तेच राहतं.

आता आमच्या घरांत हमखास निघणारा प्रश्न. मी करार बंद केला म्हटल्यावर मामू म्हणाले, "बरं केलंस, ते जायजच नव्हतं." मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. जेवढं वाचलं-ऐकलं त्यावरून सांगतो. वस्तूच्या किमतीतच येणाऱ्या कंपनीच्या वॉरंटीला सहसा कुणाची हरकत नसते. वेगळे पैसे मोजून घेतलेली वाढीव वॉरंटी अनेक उलमांना विम्यासारखी वाटते, कारण त्यात 'गरर' आहे. गरर म्हणजे व्यवहारातली संदिग्धता, आपण नेमकं काय विकत घेतोय हेच ठाऊक नसणं. जुन्या ग्रंथांतली उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत, पाण्यातला न पकडलेला मासा, आकाशात उडणारा पक्षी. ठरलेल्या दिवशी येऊन साफसफाई-तपासणी करण्याचा करार मात्र बरेच जण मजुरीचा साधा व्यवहार मानतात. मतभेद आहेत आणि राहतील. पण धर्म बाजूला ठेवला तरी गररची कसोटी मला फार व्यवहारी वाटते. माझ्या ३९,६४८ रुपयांचा मासा कोणत्या पाण्यात होता हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. हिंदू, जैन, नास्तिक, कुणीही स्वतःच्या एएमसीच्या कागदाला हा एक प्रश्न विचारून पाहावा.

याहून जास्त मला खटकली ती दुसरीच गोष्ट. हिशोब मांडताना लक्षात आलं की घरातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात धोक्याची वस्तू कोणत्याच करारात नव्हती. ती म्हणजे वायरिंग. आमचं घर अब्बांनी बांधलं तेव्हाची वायर, तेव्हाचा बोर्ड. मिस्त्री ईदच्या वेळी आला होता तेव्हा त्याने सहज टेस्टर लावला आणि म्हणाला, अर्थिंग नावालाच आहे. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, कॉइल तापून तडकते आणि वीज पाण्यात उतरू शकते. अर्थिंग नीट नसेल तर तो प्रवाह नळाला हात लावणाऱ्या माणसातून जातो. नऊ वर्षांच्या गिझरखाली माझी एकाहत्तर वर्षांची आई रोज फजरच्या आधी वुजू करत होती, आणि मी पुण्यात बसून त्या गिझरच्या कॉइलची वॉरंटी भरत होतो.

आम्ही आधी ते काम केलं. अंगणात नवी अर्थिंग, मेन बोर्डात आरसीसीबी. पुष्कळ लोकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे झालं. एमसीबी जास्त भाराने किंवा शॉर्ट सर्किटने पडतो, तो वायर वाचवतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो, घरगुती वापरात ३० मिलिअँपिअरचा. तेवढीशी वीज कुठे गळाली तरी तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावर 'टेस्ट' असं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. सगळा खर्च ९,००० च्या आसपास आला, म्हणजे एएमसीच्या एका वर्षापेक्षा कमी. जुनं घर असलेल्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे की वॉरंटीला एक रुपया देण्याआधी हे करा. गिझरमधला मॅग्नेशियमचा रॉडही दोनेक वर्षांनी बदलून घ्या, जड पाण्यात टाकीच्या ऐवजी तो गंजतो आणि टाकी वाचते. रॉड काही शेकड्यांत येतो. टाकी गळाली तर गिझरच बदलावा लागतो.

मिस्त्रीबद्दल थोडं. आपल्या मोहल्ल्यांत फ्रीज-एसी, मोटर रिवाइंडिंग, गॅरेज, वेल्डिंग ही कामं करणारी पोरं किती आहेत हे वेगळं सांगायला नको. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानेही नोंदवलं होतं की मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त प्रमाणात आहेत. आपण आपल्या घरातली दुरुस्ती मोठ्या कंपन्यांच्या करारात बांधतो तेव्हा हे काम या दुकानांतून निघून जातं. कंपनीचा तंत्रज्ञ म्हणून तेच पोरगं मग बॅग अडकवून फिरतं, आणि त्याला अम्मीच्या सहीचा कागद भरावा लागतो. मला त्याचाही राग नाही.

पण मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचे गोडवे गाऊन गप्प बसणंही बरोबर नाही. बिल देत नाहीत. 'कल आता' म्हणून चार दिवस येत नाहीत. ओरिजिनल सांगून डुप्लिकेट रिले बसवणारे आहेत. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो, तो पेट घेणारा आहे, तरी बंद खोलीत टॉर्च पेटवून वेल्डिंग करणारे मी स्वतः पाहिलेत. ग्राहक कंपनीकडे जातो तो केवळ जाहिरातीला भुलून नाही, त्याला पावती हवी असते आणि कुणीतरी जबाबदार हवं असतं. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. काम उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी निदान पुढच्या भावाला तिथे पाठवावं. आणि केलेल्या कामाची महिन्याभराची गॅरंटी कागदावर लिहून द्यावी. आमच्या मिस्त्रीला मी हे सांगितलं. तो म्हणाला, लिहिता येतं, पण कुणी मागतच नाही. मग आपण मागायला हवं.

आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. मूळची हत्यारांना धार लावणारी शिकलगार घराणी, ती सतार-तानपुरे बनवायला लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तारांच्या घासण्याने घोडीची जवारी बिघडते, मग वाद्य पुन्हा कारागिराकडे येतं, जवारी काढून परत जातं. लहानपणी त्या गल्लीतून जाताना मी हे रोज पाहिलंय. तिथे झीज हे करारातून सुटायचं कारण नव्हतं. झीज होते म्हणूनच तर तो धंदा चालतो.

मग एएमसी घ्यायचीच नाही का? तसं नाही. सोसायटीच्या लिफ्टला करार हवाच, तिथे जीव टांगलेला असतो. पाण्याचं फिल्टर ही मुळात सतत पार्ट बदलायची वस्तू आहे, तिथे करार आणि सुटे पार्ट यांचे दर दोन ठिकाणी विचारून जे स्वस्त पडेल ते घ्यावं. नवा इन्व्हर्टर एसी घेताना, तुमच्या भागात विजेचा दाब वरखाली होत असेल आणि कंपनी सर्किट बोर्डाचा खर्च लेखी देत असेल, तर वाढीव वॉरंटीचा विचार करायला हरकत नाही, कारण बोर्ड महाग असतो. पण आठ-दहा वर्षांपुढच्या यंत्राला नको. आणि आधीच पैसे भरले असतील आणि कंपनी टाळत असेल तर गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. नाकारल्याचं कारण लेखी घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांगून ठेवा की न वाचता सही करायची नाही. आम्ही आयोगात गेलो नाही, कारण तो 'समाधान झाले' वाला कागद समोर आला असता.

एक मुद्दा बहिणीने काढला, त्यावर माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. ती म्हणाली, "तू एएमसी फ्रीजसाठी घेतलीच नव्हतीस. तू येत नाहीस म्हणून घेतली होतीस." चिडलो होतो. पण अब्बा असताना मिस्त्रीला बोलावणारं माणूस घरात होतं, नंतर नव्हतं, आणि ती जागा मी वर्षाला १३,२१६ रुपयांत भरायला निघालो होतो. ज्यांना खरोखरच कुणी नाही, त्यांच्यासाठी तो नंबरही आधार असेल. अम्मीला गल्ली होती. मीच ती सोडायला लावली होती.

आता व्यवस्था साधी आहे. दर महिन्याला मी १,००० रुपये अम्मीकडे पाठवतो, ते ती बिस्किटाच्या जुन्या डब्यात ठेवते. डब्याच्या झाकणावर मिस्त्रीचा आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर चिकटवलाय. दुरुस्ती झाली की पावती त्याच डब्यात. महिन्यातून एकदा मी जातो तेव्हा आरसीसीबीचं बटण दाबतो, इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघतो, फ्रीजच्या मागची धूळ काढतो. गेल्या महिन्यात डब्यात ७,६०० रुपये होते. वॉशिंग मशीन फिरताना घरघर करायला लागलंय, मिस्त्री म्हणतो बेअरिंग, तीनेक हजार लागतील. अम्मी म्हणते, आवाजच करतंय ना, कपडे तर धुतंय. बकरी ईद होऊ दे, मग बघू.